खिडकी क्रमांक चारची डिंकमावशी

पदवी विभागाच्या चार नंबरच्या खिडकीत माणसाचं तोंड दिसत नाही, फक्त हात दिसतात. खिडकी बसवणाऱ्याचं माप चुकलं, की मागणाऱ्यानं वाकूनच मागावं असा कुणाचा बेत होता, ते मला ठाऊक नाही. पण इतकी वर्षं त्या खिडकीच्या आत-बाहेर करून डिंकमावशी हातांवरून माणूस ओळखायला शिकल्या. नखांत शाई असेल तर अजून शिकतोय. अंगठीशी चाळा चालला असेल तर कुठंतरी मुलाखत आहे आणि पदवी उद्याच हवीय. हात खिडकीच्या कडेवर नुसता टेकून राहिला, तर ज्याला ती पदवी दाखवायची होती ते माणूस आता राहिलेलं नाही.

मावशी स्वतः एक हात शोधत होत्या. उजवा. मनगटाच्या आतल्या बाजूला इस्त्रीनं भाजल्याचा डाग, चिंचोक्याएवढा.

तो त्यांच्या लेकीचा हात. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा माझ्या हातून जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. तुम्हाला आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे केलं ते वाचताना मला शिव्या घालायला सोपं जाईल.

लेक आमच्याच विद्यापीठात शिकली. एकुलती एक. नवरा लवकर गेला, त्याच्या जागी मावशी शिपाई म्हणून लागल्या आणि शिंप्याच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत त्यांनी पोरीला वाढवलं. एकदा पोर मैत्रिणींबरोबर पदवी विभागाच्या जिन्यातून येत होती आणि समोरून मावशी कमरेवर पाण्याची कळशी घेऊन चढत होत्या. पोरीनं मान वळवली आणि सूचना फलक वाचायला लागली. फलक त्या दिवशी कोरा होता. मावशी घरी काही बोलल्या नाहीत. ते त्यांनी गिळलं.

पण गिळलेलं पचतंच असं नाही. निकाल लागला, पोर पहिल्या वर्गात पास झाली, आणि मावशींनी साहेबांच्या हातापाया पडून त्याच विभागातल्या हंगामी कारकुनाच्या जागेचा अर्ज घरी आणला. पोर म्हणाली, "तुझ्या त्या खिडकीत माझा जन्म घालवू?" तेव्हा मावशींच्या तोंडून निघून गेलं, "जा की मग कुठं जायचं तिथं. पण पदवी घ्यायला माझ्याच खिडकीवर यावं लागेल, वाकून. तेव्हा बघते तुझा तोरा!"

आठ दिवसांत पोर गेली. दुसऱ्या शहरात नोकरी, पुढं लग्न, हे मावशींना बहिणीकडून कळत राहिलं. पत्ता बहिणीला माहीत असावा. मावशींनी विचारला नाही, बहिणीनं सांगितला नाही. दोघी बहिणी एकाच मातीच्या. आणि पदवी राहिली कपाटात, न नेलेल्या पदव्यांच्या गठ्ठ्यात.

आता लोक विचारतील, बाई तिथंच कामाला होती ना, मग पदवी काढून पाठवायची होती. अहो, पाठवून दिली असती तर पोरीला यायला कारण काय उरलं असतं?

म्हणून मावशी त्या खिडकीला चिकटल्या. मुख्य शिपाई म्हणून बढती आली, दोनदा, पलीकडच्या इमारतीत. दोन्ही वेळा नको म्हणाल्या. आम्ही म्हटलं, काय बाई आहे, डिंक लावलाय की काय खुर्चीला! तसंही नाव तेच पडलं होतं. कारण खिडकीबाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या प्रत्येकाच्या अर्जावर फोटो चिकटवून द्यायला मावशींकडे कायम डिंकाची बाटली. रकाने समजावून सांगायच्या, सुतळीनं बांधलेलं पेन पुढं करायच्या, उन्हातून आलेल्याला पाणी द्यायच्या. न नेलेल्या पदव्या दर महिन्याला कपाटातून काढून पुसायच्या, त्यात डांबरगोळ्या टाकायच्या. टपालानं जाणाऱ्या पदवीला घडी पडू नये म्हणून पाकिटात जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा घालायच्या. शिपायाच्या कामाच्या यादीत सात कामं आहेत. कुलूप उघडणे इथून सुरू होते, कुलूप लावणे इथं संपते. बाक, डिंक, पुठ्ठा, पाणी, यातलं एकही त्या सातांत नाही.

आणि हेच माझ्या डोक्यात जायचं.

मी परीक्षा विभागातली. हॉलमध्ये बाक लावते आणि त्यांवर नंबरच्या चिठ्ठ्या डकवते. शिवाय शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या संघटनेची चिटणीस. शाळा सातवीत सुटली, पण कायद्याची पुस्तकं मी स्वतः फाडून खाल्लीत आणि यादीबाहेरचं काम म्हणजे फुकटचं काम, हे मला कुणी शिकवायला लागलं नाही. पदवी विभागात तीन जागा रिकाम्या होत्या, सहा वर्षं. भरत नव्हते. कशाला भरतील? एक बाई तिघांचं काम हसत हसत ओढते आहे!

"मावशी, तुम्ही आमच्या पायावर धोंडा पाडताय," मी म्हणायची.

"अगं पुढारीण, चहा घे आधी. तापलीयेस तू, चहा गार वाटेल तुला."

असं बोलून मला गप्प करायच्या.

मग ती संशोधन करणारी पोरगी आली. व्यवस्थापन विभागाची, गळ्यात ओळखपत्र, हातात आठ पानी प्रश्नावली. विषय असा की कर्मचारी सांगितल्याशिवाय किती चांगलं वागतात आणि त्यानं काम किती सुधारतं. मावशींच्या शेजारी बाकावर बसली.

"सहकाऱ्याचं काम तुम्ही आपणहून अंगावर घेता का? एक म्हणजे कधीच नाही, पाच म्हणजे नेहमी."

"नेहमी म्हणजे रोज का गं? रविवारी बंद असतं."

"पाच लिहिते. कामाच्या वेळेनंतर थांबता का?"

"थांबते. कुणी शेवटच्या गाडीनं येतं बिचारं."

"पाच. संस्थेबद्दल बाहेर चांगलं बोलता का?"

"बाहेर मी कुठं जाते? ही बघ ही पुढारीण जाते. तिला विचार ती काय बोलते."

मी म्हटलं, "माझं तू लिहूच नकोस, तुझा कागद जळेल."

पोरगी हसली. चांगली होती हो पोर, तिचा दोष नाही. चाळीस प्रश्नांत चाळीस वेळा पाच लिहून ती उठली. "मावशी, तुम्ही आदर्श आहात," म्हणाली. हे सगळं का करता, असा प्रश्न त्या आठ पानांत कुठंच नव्हता. मीही तो कधी विचारला नव्हता. माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि उत्तर तयार असलं की माणूस विचारत नाही.

सहा महिन्यांनी परिपत्रक निघालं. त्या संशोधनाचा आधार घेऊन आमच्या वार्षिक मूल्यमापनात नवा रकाना आला: स्वयंस्फूर्त योगदान, वीस गुण. म्हणजे बघा, आपणहून केलेलं काम आता सक्तीचं! आणि खाली एक ओळ, कर्मचाऱ्यांच्या अशा योगदानामुळे रिक्त पदांची निकड राहिलेली नाही. ती ओळ वाचून माझं टाळकं सरकलं. सभा घेतली. ठरलं, पंधरा दिवस नियमाप्रमाणे काम. यादीत आहे ते सगळं, चोख. यादीत नाही ते काडीइतकंही नाही.

सगळे तयार. मावशी सोडून.

"मी पाणी देणं बंद करते," त्या म्हणाल्या. "पुठ्ठे बंद. फक्त मला बाकावर बसू दे."

"बाक यादीत नाही."

"नुसती बसते. हात बांधून."

"मावशी, तुम्ही हात बांधून बसाल? समोर एखादा फोटो घेऊन उभा राहिला की बाटली बाहेर! तुम्हाला साहेबांची लाडकी व्हायचंय तर तसं सांगा."

सगळ्यांसमोर बोलले मी हे. मावशींचं तोंड उतरलं. त्या वेळी त्यांनी एक वाक्य सांगितलं असतं, लेक येईल गं माझी, तर मी त्यांना बाकासकट डोक्यावर घेतलं असतं. पण असलं वाक्य सभेत उभं राहून कोण सांगतं? त्या एवढंच म्हणाल्या, "पंधरा दिवस ना? शब्द दिला."

आणि मावशींनी शब्द दिला म्हणजे दिला. डिंकाची बाटली खणात टाकली, खणाला कुलूप घातलं. खोलीच्या आत, कपाटाशेजारी स्टूल ओढलं आणि खिडकीकडे पाठ करून बसल्या. पाठ का, तर हात दिसले की राहवणार नाही म्हणून. खिडकीवर चष्मेवाला कारकून. तो मुळातच नियमाचा माणूस, त्याला तर दिवाळं निघालेल्याला घबाड मिळावं तसं झालं. अपूर्ण अर्ज आला की शिक्का: अपूर्ण, परत. नोंदवहीत एक ओळ, अर्ज ज्याचा त्याच्या हातात.

काय सांगू, तिसऱ्या दिवशी विद्यापीठाची कळा पाहण्यासारखी होती. प्राध्यापक खडूचे तुकडे खिशात घालून हिंडत होते, कारण खडू वर्गात नेऊन ठेवणं कुणाच्याच यादीत नव्हतं. कुलसचिवांच्या खोलीतलं घड्याळ बंद पडलं. ते रोज कोण चालू करत होतं, याचा शोध घ्यायला समिती नेमायची वेळ आली. आणि चार नंबरच्या खिडकीसमोर रांग इतकी वाढली की ती फाटकाबाहेर गेली. रोज शंभर अर्ज येत, साठ परत जात. मी रांगेकडे बघून खूश होत होते. दर परत गेलेल्या अर्जागणिक मला वाटायचं, ही बघा आमची किंमत.

नवव्या दिवशी, दुपारच्या सुट्टीच्या थोडं आधी, खिडकीवर एक पुरुष आला. स्वतःची पदवी नव्हती, बायकोची होती. तिचं अधिकारपत्र होतं, गुणपत्रिका होती, फोटोही होता, पण हातात सुटा.

चष्मेवाला म्हणाला, "फोटो चिकटवलेला नाही. परत."

"डिंक मिळेल का इथं?"

"डिंक देणं माझ्या यादीत नाही."

"अहो, मी लांबून आलोय. तिला यायला जमत नाही."

"अपूर्ण आहे. पुढचा कोण?"

पाठमोऱ्या मावशींनी हे सगळं ऐकलं. स्टुलापासून खिडकी चार पावलं. खणाची किल्ली कमरेला. त्यांनी मला नंतर सांगितलं, "डिंक मिळेल का म्हणाला ना, तेव्हा माझा हात किल्लीवर गेला होता. मग म्हटलं, नाही, पोरीला शब्द दिलाय." पोरीला म्हणजे मला. मला त्या पोरीच म्हणायच्या, तापलेली नसले की.

तेराव्या दिवशी परिपत्रक मागं घेतलं गेलं. रकाना गेला, दोन जागा भरायचं लेखी आलं. आम्ही गुलाल उधळायचा तेवढा बाकी ठेवला. संघटनेच्या खोलीत चहा चालू होता, मी खुर्चीवर उभी राहून बोलत होते, आणि दारात मावशी. हातात परत अर्जांची नोंदवही. बाकावर परत बसण्याआधी तेरा दिवसांत कोण कोण परत गेलं ते बघावं, कुणाला निरोप धाडता आला तर धाडावा, म्हणून त्यांनी ती उघडली होती.

"खाली उतर," म्हणाल्या.

उतरले. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. तारीख. एका बाईचं नाव, वडिलांचं नाव, उत्तीर्ण होण्याचं वर्ष. कारण: फोटो चिकटवलेला नाही.

"कोण ही?"

"माझी आहे," मावशी म्हणाल्या.

मग सगळं सांगितलं, कळशीपासून. रडल्या नाहीत. मीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. नोंदवहीत पत्ता नसतो. पत्ता अर्जावर असतो आणि अर्ज त्या माणसाच्या हातात परत गेला होता. चष्मेवाल्याला मी कॉलर धरून विचारलं, "तो परत येतो म्हणाला का?"

"नाही. बघू म्हणाला."

"अजून काय?"

"अजून काही नाही. फोटो पाकिटात ठेवला आणि गेला. बाई, मी नियमानंच..."

"माहितीये!" मी ओरडले. नियम त्याचा नव्हता, माझा होता.

दोन दिवसांनी मी माफी मागायला मावशींच्या घरी गेले आणि भांडून आले. माझी जीभच तशी. म्हटलं, "तुम्ही एकदा तरी तोंड उघडायचं होतं!" त्या म्हणाल्या, "एकदा उघडलं होतं ना, पोर गेली." मग त्यांनी चहा टाकला. आतल्या खोलीत भिंतीला लेकीची फळी तशीच होती, तिच्यावर तिची वह्या-पुस्तकं आणि एक इस्त्री. वायर गुंडाळलेली. पुसलेली. मी त्या फळीकडे पाठ करून चहा प्यायले.

त्यानंतर मावशी बाकावर आधीसारख्याच बसायला लागल्या. पण वाट बघण्यात फरक पडला होता. आधी लेक रागात आहे एवढंच माहीत होतं. आता ती एक पाऊल पुढं आली होती, हे माहीत झालं होतं. आलेलं पाऊल आपल्याच दारातून माघारी गेलं. मावशी हात बघायच्या, आणि आता पुरुषांचेही बघायच्या. माझं काम संपलं की मीही त्यांच्या शेजारी बसायला लागले. फोटो चिकटवायला. संघटनेतल्या एकानं टोमणा मारला, "काय हो चिटणीसबाई, हे तुमच्या यादीत आहे का?" त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं छापता येणार नाही.

चार महिन्यांनी टपाल आलं. टपाल फोडणे हे मावशींच्या सातांतलं पाचवं काम. दुपारच्या सुट्टीत मला त्यांचा निरोप, लवकर ये. गेले तर टेबलावर एक अर्ज. फोटो चिकटवलेला. चारही कोपऱ्यांना डिंक ओघळून वाळलेला, इतका लावलेला. फोटोतली बाई तिशी ओलांडलेली, भांग बाजूला, नजर सरळ.

"गालफाडं बसलीत," मावशी म्हणाल्या. "जेवत नसेल वेळेवर."

पत्ता होता. गाडीनं दहा-अकरा तासांचं शहर. पण मावशींचं बोट पत्त्यावर नव्हतं, खालच्या रकान्यावर होतं. पदवी कशी हवी? दोन चौकटी. खिडकीवर समक्ष, आणि टपालाने. लेकीनं आधी समक्षवर खूण केली होती. मग ती खोडली होती. एकदा नाही, तीन-चार रेघा मारून. आणि खाली टपालानेवर खूण.

आम्ही दोघी त्या रेघांकडे बघत बसलो. कुठल्यातरी टेबलाशी बसून, पेन हातात धरून, ती किती वेळ थांबली असेल? ती खूण करताना एक घटका का होईना, पोर या खिडकीशी येऊन उभी राहिलीच होती.

माझं डोकं लगेच चाललं. "मावशी! खाडाखोड आहे! नियम क्रमांक नऊ. खाडाखोड असल्यास अर्जदारानं समक्ष येऊन सही करावी. मारा शिक्का. अपूर्ण, परत. आता यावंच लागेल तिला!"

आयुष्यात पहिल्यांदा नियम मावशींच्या बाजूचा होता. शिक्का टेबलावर, शाई कालच बदललेली. मावशींनी शिक्का उचलला. त्यांनी तो उलटा करून बघितला, फडक्यानं पुसला आणि खणात ठेवला.

"काय करताय?"

"यावंच लागेल, असं एकदा म्हणून झालंय माझं, पुढारीण. अकरा वर्षं भोगलं ते. आता शिक्का मारून तेच परत सांगू?"

"मग चिठ्ठी तरी घाला आत. दोन ओळी."

"तिनं काय मागितलंय? पदवी. टपालानं. मागितलंय ते दे की आधी."

कपाटातून गठ्ठा काढला. गाठ सोडायला त्यांना बघावं लागलं नाही. पदवी काढली, पुसण्यासारखी धूळ नव्हतीच, तरी पुसली. पाकिटात कॅलेंडरचा पुठ्ठा घातला. मी म्हटलं, जाड घाला की जरा, तर म्हणाल्या, "सगळ्यांना घालते तोच." पाकिटाच्या कडेवरून डिंकाचं बोट फिरवलं आणि तळव्यानं दाबून धरलं. डिंक वाळायला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ धरलं. खिडकीवर कुणीतरी हाक मारत होतं, "कुणी आहे का?" चष्मेवाला उठला आणि न सांगता खिडकीवर जाऊन उभा राहिला. त्याची जेवणाची सुट्टी चालू होती.

तीन आठवड्यांनी पोचपावती आली. पदवी मिळाली, खाली सही. बाकी काही नाही, एक अक्षर नाही. मी पावती उलटून-पालटून बघितली, उजेडात धरली. मावशी हसल्या. "सही अजून तशीच करते बघ. शेवटचं अक्षर खाली ओढून." मग ती फाईलला लावली, नियमाप्रमाणे, भोक पाडून. भोक सहीपासून लांब पाडलं.

त्याच महिन्यात बढतीचं पत्र तिसऱ्यांदा आलं. मुख्य शिपाई, पलीकडची इमारत, खोलीत पंखा, जिने चढणं नाही. मी पत्र घेऊन बाकावर गेले. मावशी कुणा आजोबांच्या अर्जावर नातवाचा फोटो चिकटवत होत्या.

"आता तरी घ्या," मी म्हटलं. "कपाट रिकामं झालं तुमचं. आता कशासाठी बसायचं इथं?"

मावशींनी फोटो दाबला, बोट पदराला पुसलं आणि खिडकीकडे बघितलं. तिथं कुणाचे तरी दोन हात आले होते, मनगटं झाकतील इतक्या खाली बाह्या आलेले.

"लोकांच्या पदव्या हरवतात गं," त्या म्हणाल्या. "दुसरी प्रत काढायला समक्षच यावं लागतं."